मागून चालणारे सर

अनुदानित शाळेतली कायम नोकरी माणूस सोडतो ती निवृत्तीने किंवा मरणाने. आमच्या गणिताच्या सरांनी तिसरा मार्ग काढला. पन्नाशी उलटलेली, रक्तात साखर, आणि एके दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी राजीनामा दिला. रत्नागिरीत याला शहाणपण म्हणायला कोणी तयार होईना. ऐन धरतं आंब्याचं कलम कोणी बुंध्यातून कापलं, तर त्या घराकडे लोक ज्या नजरेने बघतील, तसे सगळे सरांकडे बघत होते.

"मग आता करणार काय?" हेडमास्तरांनी विचारलं.

"एज्युकेशन कोच होणार."

"कोच? कबड्डीचा?" आमच्या पी.टी.च्या सरांनी मनापासूनच्या आशेने विचारलं. शाळेच्या संघाला कोणीतरी हवंच होतं.

मी त्याच शाळेत भूगोल शिकवते. सगळ्यांच्या मनातलं तोंडावर बोलायची मला खोड आहे, म्हणून म्हटलं, "म्हणजे क्लासच काढताय ना सर? मग तसं सांगा की."

सरांनी डोळे मिटले. दुखावले की ते असेच डोळे मिटत. "क्लास नाही बाई. क्लासवाला विषय शिकवतो. अभ्यास का होत नाही, कशाची भीती वाटते, नक्की काय हवंय, हे मुलाला स्वतः शोधायला मी मदत करणार. कोच मैदानात उतरत नाही. तो रेषेबाहेर उभा राहतो."

"आणि आईबाप फी कशाची देणार? बाहेर उभं राहायची?"

स्टाफरूम हसली. सरही हसले. तो त्यांचा सगळ्यात वाईट गुण होता. त्यांना कोणी हसायला लागलं की त्यात ते सर्वांत आधी सामील होत, आणि मग त्यांच्या बाजूने बोलायला कोणी उरत नसे.

मांडवीला त्यांच्या बहिणीचं घर रिकामं होतं. त्याची पुढची खोली त्यांनी घेतली. पाटी रंगवायला दिली, तर पेंटरने सवयीप्रमाणे नावाखाली 'आठवी ते बारावी, सर्व विषय' असं टाकून दिलं. सरांनी तो मजकूर पॉलिश पेपरने खरवडून काढला. त्या जागी पाटीवर पांढरट पट्टा राहिला, आणि सर काहीतरी लपवतात असं लोकांना वाटायला लागलं. येणारा प्रत्येक जण दारातूनच विचारी, "विषय कुठले घेता?" सर म्हणत, "एकही नाही." निम्मे तिथूनच परत जात.

जे आत येत त्यांचीही गत काही फार बरी नव्हती. पावस गावाकडचे एक बागायतदार मुलाला घेऊन आले होते. मी त्या दिवशी सरांच्या बायकोने, वहिनींनी, दिलेला डबा पोचवायला गेले होते, म्हणून हे सगळं पाहायला मिळालं.

"सर, ह्याला डॉक्टर करायचाय. होईल की नाही तेवढं सांगा, म्हणजे आम्ही पुढच्या लायनीला लागतो."

सर मुलाकडे वळले. "तुला व्हायचंय?"

"तो काय सांगतोय? त्याला कळत असतं तर तुमच्याकडे आणला असता कशाला?"

सरांनी त्यांना नम्रपणे बाहेरच्या बाकावर बसवलं. आत मुलाला विचारलं, "तुला आत्ता काय वाटतंय?" आणि वाट बघायला लागले. सरांचं वाट बघणं ही एक स्वतंत्र चीज होती. प्रश्न विचारला की ते जमिनीकडे बघत, आणि समोरच्याला बोलावंसं वाटेपर्यंत काही म्हणजे काही बोलत नसत. शाळेतही ते फळ्यावर गणित मांडून असेच थांबत, आणि तास संपून जाई. त्या मुलाने पंखा पाहिला, खिडकी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि शेवटी म्हणाला, "भूक लागलीय."

सर आनंदाने बाहेर आले. "फार छान सुरुवात झाली. तो खरं बोलला."

बागायतदारांनी मुलाला स्कूटरवर मागे बसवलं आणि नेलं. त्या आठवड्यात पावसपर्यंत सगळ्यांना कळलं की मांडवीला एक मास्तर आहे, तो पोराला भूक लागली हे शोधून काढायची फी घेतो.

वहिनी पतपेढीत कामाला होत्या, म्हणून घर चालत होतं. त्या मला सांगत, "भात वाढू का विचारलं तरी म्हणतात, तुला काय वाटतं? मला वाटतं, परात डोक्यात घालावी." असं म्हणायच्या आणि डबा मात्र रोज न चुकता पाठवायच्या.

मुलांना घेऊन सर जेटीवर फिरायला जात. तिथेही त्यांची एक तऱ्हा होती. मूल पुढे, सर मागे. कधी बरोबरीने नाही, पुढे तर नाहीच. मुलं सारखी मागे वळून बघत, की हा माणूस आहे की गेला. मी एकदा विचारलं, "हे काय सर? म्हशीमागून चालल्यासारखं?"

"पुढे गेलो तर ती माझ्या मागून येतील बाई," ते म्हणाले. "आयुष्यभर कुणाच्या तरी मागूनच जायचंय त्यांना. निदान इथे तरी नको."

हे ऐकायला चांगलं वाटतं. पण पालकांना असं चांगलं वाटणारं काही नको असतं, त्यांना उत्तर हवं असतं. सर उत्तर देत नसत. "ते माझ्याकडे नाही, आणि असतं तरी दिलं नसतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला ते वाक्य ऐकलं की संताप यायचा. अजूनही आठवलं की येतो.

आणि तरीही एका मुलीच्या बाबतीत त्यांनी जे केलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

ती संगमेश्वरकडच्या एका आतल्या गावची. वडील मुंबईला, गावात आई आणि आजोबा. अकरावी-बारावीला ती रत्नागिरीत मावशीकडे राहायला आली होती, आणि ती मावशी माझी शेजारीण. पोरगी हुशार, पण परीक्षेत पेपर हातात आला की बोटं गारठायची. सगळं येत असून कोरा कागद देऊन घरी यायची. मावशीचे अंगारे करून झाले, ताईत बांधून झाला. शेवटी मीच म्हटलं, आमच्या त्या सरांकडे नेऊन तर बघ. कोणाला काही होवो न होवो, सरांना निदान कोणीतरी भेटेल, एवढाच माझा विचार होता.

सरांनी तिला पुस्तक उघडू दिलं नाही. रोज जेटीवर चालवलं. मावशी कठड्यावर बसून वाटाणे सोलायची, ही पुढे चालायची, सर मागे. मग एक दिवस ते तिला म्हणाले, "पेपर तू काढ. मी सोडवतो."

आणि ते खरोखर खोलीबाहेर सोडवायला बसले. तिने फिजिक्सचा पेपर काढला होता. सर गणिताचे, त्यांचं फिजिक्स जेमतेम. ती घड्याळ लावून समोर उभी, आणि हा पन्नाशीचा माणूस बाकावर वाकून घामाघूम होऊन लिहितोय. वेळ संपली तेव्हा तिने कागद ओढून घेतला. सर म्हणाले, "थोडं राहिलंय गं." ती म्हणाली, "नाही सर, वेळ म्हणजे वेळ." मग तिने तपासला. सर नापास झाले होते. ती इतकी हसली की मावशीच्या मांडीवरचे वाटाणे सांडले. शेजारच्या घरातली माणसं खिडकीत येऊन बघत होती, मास्तर परीक्षेला बसलाय म्हणून.

असं पुष्कळ दिवस चाललं. पेपर काढणाऱ्या माणसाला काय हवं असतं, तो कुठे गोंधळवतो, हे तिला आतून कळत गेलं. आणि एकदा ते कळलं की तिची बोटं गार पडायची थांबली. बारावीला तिने सगळे पेपर पुरे लिहिले. इंजिनिअरिंगला पुण्यात नंबर लागला. मावशी पेढे घेऊन आली तेव्हा सरांनी पुडा दोन्ही हातांत घेतला. नुसते दारात उभे राहिले. नोकरी सोडल्यापासून त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता. ही एक मुलगी पुण्याला गेली असती, तर त्यांनी उरलेलं आयुष्य त्या खोलीत उपाशी काढलं असतं, आणि सुखात काढलं असतं.

मग मावशी सांगत आली, गावी घोळ झालाय. आजोबा म्हणतायत, पोरीला एवढ्या लांब पाठवायची की नाही, ते देवाला विचारल्याशिवाय ठरायचं नाही.

"मी बोलतो त्यांच्याशी," सर म्हणाले. "पण मुलीच्या घरी एकटा कसा जाऊ? तुम्ही चला बाई."

म्हणून मी गेले. मावशी मुलीला घेऊन आधीच गावी पोचली होती. एसटीने संगमेश्वर, तिथून वडापच्या जीपने गावापर्यंत. आजोबा गावचे मानकरी, कानाने पार गेलेले, पण माणूस मोकळा. सरांनी ओरडून ओरडून त्यांना सांगितलं की निर्णय मुलीला घेऊ द्या, ती विचार करू शकते. आजोबांनी सगळं ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमी शिकलेली मानसां. आमाला तेवढा कलत नाय. आमी देवाला इचारतो. देव बोल्ला जा, तं जाईल. मी आडवा येनार नाय."

तेव्हा सगळी मंडळी देवळात गेली. आमच्याकडे कौल लावतात, तो असा. गुरव मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे वाट बघतात. उजवी आधी पडली तर देवाचा होकार. डावी पडली तर विषय संपला. गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा महाराजा, ही तुझी लेक शिकाया पुन्याला जातं म्हनते, तिच्या वाटंत काय आडवा आसंल तं तो दूर कर..." मागून सगळ्यांनी "होय महाराजा" म्हटलं.

शाळेत परीक्षेआधी नारळ फोडायचा झाला तर सर भांडून वर्गात जाऊन बसत. देवावर मुलांचं ओझं टाकू नका, म्हणत. मी तिरक्या डोळ्याने पाहिलं. त्यांचे हात जोडलेले होते. नजर उजव्या कळीवर खिळली होती, आणि ओठ हलत होते. आम्हा सगळ्यांत त्या कळीकडे सर्वांत काकुळतीने तेच बघत होते.

उजवी कळी पडली.

"जा म्हंतोय!" आजोबा ओरडले. बायकांनी मुलीच्या कपाळाला कुंकू लावलं. आईने डोळ्यांना पदर लावला. मुंबईला वडलांना फोन झाला, तिकडूनही "जाव दे, जाव दे" असं आलं. आम्ही घरी परत आलो, चहा झाला, आजोबा सरांना फणस बांधून देऊ लागले. आणि ती मुलगी सरांसमोर येऊन उभी राहिली.

"सर, मी नाय जाणार."

मला वाटलं, चेष्टा करतेय. सरांनाही तसंच वाटलं असावं. ते हसले.

"तुम्ही म्हणायचात ना, कशाची भीती वाटते ते बघ, तिथून सुरुवात कर," ती म्हणाली. "मी बघितलं. पुण्याची नाय वाटत. पेपरची तर आता नायच वाटत. आईला यंदापासून फिट येते सर. तेव्हा तिला कुशीवर वळवायला माणूस लागतं. मागच्या सुट्टीत ती पडवीत पडली. आजोबा माजघरात होते, त्यांना ऐकूच आलं नाय. मी होते म्हणून."

"गोळ्या बदलून घेऊ," सर म्हणाले. "मी स्वतः नेतो डॉक्टरकडे."

"बदलल्या. चालू हायत. तरी येते."

"शेजारी कुणाला तरी सांगून ठेवू."

"शेजारी मुंबईला असतात सर. या वाडीत उघडी घरं बघितलीत ना तुम्ही येताना?"

बघितली होती. एकामागून एक कुलपंच दिसली होती.

"वडलांना बोलवून घे."

"ते आले तर चूल कशावर पेटायची? मी सगळा विचार केलाय सर. पेपर काढला, दोन्ही बाजूंनी सोडवला. उत्तर एकच येतंय. तुम्ही शिकवलंत म्हणून तर मला नीट बघता आलं. नायतर मी नुसती रडले असते, आणि कोणी घातली असती तर गाडीतही बसले असते."

आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "मी सांगतंय तिला जा म्हनून. माझा काय, आज हाय, उद्या नाय. मी मेल्यावं जाशील काय गो?" मुलीने तिच्याकडे पाहिलंही नाही. तेवढंच तिला जमलं नसतं.

सर उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चढला, आणि तो मी त्याआधी कधी चढलेला ऐकला नव्हता. "विचार करू नकोस. पुरे झाला विचार. मी सांगतो ना, जा. मी सांगतो म्हणून जा."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. रागावलेली नव्हती. म्हणाली, "आता सांगताय होय सर?"

आजोबा सगळ्यांच्या तोंडांकडे बघत विचारत होते, "काय झाला? काय बोलते ती?" शेवटी मावशीने त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. त्यांनी हातातला फणस खाली ठेवला. "देवान जा म्हनून सांगला, आनि ही नाय म्हंते?" मग सरांकडे वळून, अगदी हळू, बहिऱ्या माणसाने कधी बोलू नये इतक्या हळू आवाजात ते म्हणाले, "मास्तर, ह्या तुमी शिकिवलात तिला?"

आजोबा म्हणत होते ते खरं होतं.

देवाचा कौल मोडायला शिकवणारा मास्तर, अशी त्यांची ख्याती पुढे रत्नागिरीपर्यंत आली. शहरातले लोक हसले आणि मुलांना पाठवायचे थांबले. पण खोली बंद पडली ती त्यामुळे नव्हे. चुकूनमाकून एखादं मूल यायचं, तरी सरांना त्याला काही विचारता येईना. मी एकदा गेले तर दिवे न लावता बसले होते. दुपार होती, पण बाहेर पावसाने अंधारलं होतं.

"पोर समोर बसलं की मला ती पडवी दिसते," ते म्हणाले.

"तुम्ही तिला कोऱ्या कागदातून बाहेर काढलंत सर. तेवढं तरी धरा."

"काढलं की. आणि बाहेर काय होतं बाई?" ते नेहमीसारखे थांबले, पण या वेळी माझ्या उत्तरासाठी नव्हे. "आपण म्हणतो, मुलांना निवडू द्या. निवडायला समोर दोन गोष्टी लागतात. हे मी कोच होण्याच्या कुठल्याच कोर्समध्ये शिकलो नाही. ती काय म्हणेल हे मला आधी कळलं असतं, तर मी तिला विचारलंच नसतं. म्हणजे मी इतकी वर्षं विचारत होतो ते काय होतं?"

त्यांचा मला राग येतो तो यासाठीच, की जाता जाता हा प्रश्न ते माझ्या गळ्यात टाकून गेले. भूगोल शिकवताना मध्येच तो आठवतो, आणि मी वर्गातल्या मुलांकडे बघायचं टाळते. ती मुलगी पुढच्या वर्षी जाईन म्हणाली होती. ते वर्ष गेलं, त्याच्या पुढचंही गेलं. सर गावाकडे पुन्हा गेले नाहीत. मावशीकडे तिची चौकशीही त्यांनी कधी केली नाही.

यंदा माझी मुलगी दहावी झाली. एसटी स्टँडजवळ एका मोठ्या कोचिंगवाल्यांची शाखा निघाली आहे, काचेची, गारेगार. आमच्या घरात सगळ्यांचं तिथेच घालायचं ठरलं. मी तिला घेऊन प्रवेशाला गेले, आणि काचेच्या केबिनमध्ये टाय लावून सर बसलेले दिसले. गळ्यात पट्टा, पट्ट्यात त्यांचाच हसरा फोटो. त्यांना ही नोकरी लागली, त्याचा वहिनींना किती आनंद झाला होता, हे मी ऐकून होते. सर सुधारले, असं आमची स्टाफरूम म्हणत होती.

"या बाई, बसा." त्यांनी माहितीपत्रक उलगडलं आणि बोलायला लागले. सकाळची बॅच, टेस्ट सिरीज, निकाल. आवाज गोड, कुठे अडखळणं नाही. समोरच्या रांगेतले पालक त्यांच्याकडे बघून समाधानाने माना हलवत होते.

"सर," मी मध्येच म्हटलं, "हिला जमेल का हो?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी वर बघावं, एवढंच मला हवं होतं. हिच्याकडे बघावं, मला बाहेर काढावं, काहीही वेडेपणा करावा.

"जमेल की," ते कागदावर शिक्का मारत म्हणाले. "का नाही जमणार? सगळ्यांना जमतं." मग हिचं नाव काय, ते त्यांनी मला विचारलं.

जिना उतरताना माझी मुलगी खुशीत होती. पायऱ्या उड्या मारत पुढे गेली आणि खालून म्हणाली, "चांगले आहेत गं हे सर. मी घाबरले होते उगीच. मला काही विचारलंच नाही."